शिंग्रोबाची वाट आणि बर्कलेचा चढ

बोरघाटातल्या रेल्वेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्दे नेमके आहेत. बोरघाटाची वाट शिंग्रोबा धनगराने दाखवली, मेले ते मजूर, आणि लेखात कौतुक रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याचं. तो तर १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली तेव्हा हयातही नव्हता, असं तुमचं म्हणणं.

शेवटचं खरं आहे. तब्येत ढासळल्यावर तो इंग्लंडला परतला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वारला. शिंग्रोबाचं देऊळ घाटात आहेच, कथेशी माझं भांडण नाही. पण घाट कुठून चढतो हे गुपित नव्हतं. १८३० पासून तिथे गाडीरस्ता होता. खरी अडचण चढाची. पायवाट नाकासमोर चढते, रुळावरचं लोखंडी चाक मात्र घसरतं. बर्कलेने कमाल चढ ३७ फुटांना १ फूट ठरवला. चढायची उंची १८३१ फूट. म्हणजे खालपासून वरपर्यंत तोच कमाल चढ धरला तरी जवळजवळ १३ मैल लागणार, आणि सह्याद्री एवढी सलग जागा देतो कुठे! मार्ग झाला सुमारे १६ मैलांचा: २५ बोगदे, ८ मोठे पूल. त्याआधी माळशेजचा बेत बाजूला सारून बोर आणि थळ हे दोन घाट निवडले तेही त्यानेच.

रिव्हर्सिंग स्टेशनला तुम्ही ‘फसलेली युक्ती’ म्हणता. डोंगराच्या अरुंद सोंडेवर वळण बसत नव्हतं. म्हणून गाडी टोकाला न्यायची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडायचं आणि उलट दिशेने वर काढायची. वेळ जायचा, डब्यांची संख्याही त्या टोकाच्या लांबीपुरतीच. १९२९ मध्ये नव्या बोगद्यांनी हा फेरा सुटला. तोवर ६६ वर्षं गाड्या चालल्या. ही फसगत कशी?

मजुरांबद्दल मात्र तुमचं बरोबर. १८६१ मध्ये घाटात ४० हजारांवर माणसं राबत होती, आणि पटकीने किती गेली त्याची धड मोजदादही झाली नाही. पहिला कंत्राटदार फेविएल याच्या कामावर १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला आणि त्याने काम सोडलं. पुढचा ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. कंत्राट त्याची बायको ॲलिस हिने पुरं करवून घेतलं.

बर्कलेला धारेवर धरायचंच तर देखरेखीवरून धरा. त्या आठ पुलांपैकी एक १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला, आणि कारण निघालं निकृष्ट दगडी बांधकाम.