कंपोस्टच्या बादलीला चुना

‘स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून ७ दिवसांत काळं सोनं!’ हा फॉरवर्ड सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात सहा सूचना आहेत. घट्ट झाकणाची बादली घ्या, वारा लागू देऊ नका. पालापाचोळा वगैरे काही लागत नाही, ताक-गूळ ओता. अळ्या दिसल्या की चुना आणि मूठभर मीठ टाका. लिंबू, कांद्याची सालं कधीच नकोत. खाली साठणारं पाणी थेट तुळशीला घाला. आणि आठव्या दिवशी खत कुंडीत. शेवटी अर्थातच ‘पुढे पाठवा’.

शेजारच्या काकूंनी तिसरी सूचना तंतोतंत पाळली. वाटीभर चुना ओतला. थोड्याच वेळात बाल्कनीत उभं राहवेना, डोळ्यांतून पाणी, आणि काकूंचा निष्कर्ष असा की ‘घरी खत करणं आपल्यासारख्यांचं काम नाही’. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं, सूचनाच चुकीची होती. म्हणून हा खटाटोप.

क्रम मोडून आधी चुन्याचंच बघू. बाकीच्या सूचना पाळून फार तर वास येईल किंवा झाड जाईल, ही पाळून माणसाला इजा होऊ शकते.

डाळी, पोळ्या, भाज्यांची देठं यांच्यातून ओल्या कचऱ्यात नायट्रोजन येतो. कुजताना त्याचा अमोनियम होतो आणि ओलाव्यात विरघळून तिथेच राहतो. पुढे झाडाला मिळायचं ते हेच. चुना पडला की बादलीतला पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, एकदम चढतो. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या पुढे असतो. तिथे अमोनियम टिकत नाही, अमोनिया वायू होऊन उडून जातो. काकूंच्या डोळ्यांना झोंबला तो हा. झाडाच्या वाटणीचं नाकाला गेलं, एवढाच हिशोब. शिवाय कचरा कुजवणारे जिवाणू आणि बुरशीही त्यात मेल्या, त्यामुळे बादली थंड पडली.

आणि कुठला चुना? पानाच्या डबीतला चुना विरलेला असतो, तो तरी त्यातल्या त्यात परवडला. चुनाकळी, म्हणजे न विरलेला चुना, ओल्या कचऱ्यात पडली तर ती रटरटून तापते, हात भाजतो, डोळ्यात उडाली तर थेट दवाखाना. फॉरवर्डमध्ये कुठला, किती, हातमोजे घाला, यातलं एक अक्षर नाही.

मीठ तर त्याहून अवघड, कारण ते कुजतच नाही. बादलीभर कचरा आटून तळाशी दोन-तीन तांबे खत उरतं, पण मूठभर मीठ मूठभरच राहतं. ते सगळं त्या थोड्याशा खतात, आणि तिथून कुंडीत. मग मोगऱ्याच्या पानांच्या कडा जळल्या की आपण म्हणायचं, उन्हाने जळल्या.

मुळात मारायचं कोणाला, हेही कोणी बघत नाही. बादलीत दिसणाऱ्या जाड, चपट्या, मळकट रंगाच्या, अंगावर वळ्या असलेल्या अळ्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. मोठी अळी बोटाच्या पेराएवढी होते. ही माशी काळी, लांबट, पहिल्यांदा बघितली तर गांधीलमाशीच वाटते. पण तिला नांगी नाही, ती चावत नाही आणि तुमच्या वरण-भातावर येऊन बसण्यात तिला रस नाही. तिची अळी ओला कचरा अक्षरशः फस्त करते. वाढ पूर्ण झाली की गडद तपकिरी होऊन कोरड्या जागेच्या शोधात बादलीबाहेर पडते आणि भिंतीवर चढते. लोक किंचाळतात ते या टप्प्याला. झाडूने गोळा करून कुंडीतल्या मातीवर टाकली की विषय संपला, पक्षी बघून घेतात.

तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या, मऊ अळ्या असतील तर त्या घरमाशीच्या. त्या नकोतच. पण दोन्ही अळ्यांचा निरोप एकच: बादली जास्त ओली आहे आणि कचरा वर उघडा पडलाय. उपाय असा. दोन-तीन दिवस नवा कचरा बंद. आतलं सगळं खालपासून वर हलवा, चार-पाच मुठी चुरलेला पाचोळा मिसळा, वरून दोन इंचांचा कोरडा थर द्या आणि मूठभर निंबोळी पेंड भुरभुरा. बादलीच्या तोंडावर जुन्या सुती साडीचा तुकडा बांधून मग झाकण ठेवा. चिलटांनाही हेच औषध. त्यांची अंडी बऱ्याचदा केळ्याच्या सालीवरून घरात आलेली असतात, म्हणून साल टाकली की लगेच झाकायची. फिनाईल मारू नका, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

आता ‘७ दिवस’. १९३१ साली ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरच्या संशोधन केंद्रातल्या कंपोस्टच्या कामावर पुस्तक लिहिलं. आज जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती हीच. त्यांच्याकडे मोठाले खड्डे होते, शेण होतं, गोठ्यातली मूत मुरलेली माती होती, लाकडाची राख होती, खालीवर करायला मजूर होते, आणि आत चांगली उष्णता धरेल एवढा ढीग होता. तीन वेळा उलथापालथ करूनही त्यांना खत व्हायला साधारण ९० दिवस लागायचे. आपल्या बाल्कनीतल्या २० लिटरच्या बादलीत ती ऊब टिकतही नाही, हात घातला तर जेमतेम कोमट लागतं. इंदूरला तीन महिने आणि पुण्यात कर्वेनगरला आठवडा, हे गणित कुठल्या शाळेतलं?

बादली भरायला तीन-चार आठवडे, कारण कचरा रोज खाली बसत जातो. भरल्यावर ती बाजूला ठेवून आठवड्यातून एकदा हलवत दीड ते दोन महिने. म्हणून बादल्या किमान दोन लागतात, चार माणसांच्या घरात तीन बऱ्या. एकाच बादलीत रोज वरून ताजं टाकत राहिलात तर खत कधीच ‘तयार’ होणार नाही.

याच इंदूर पद्धतीत राख आहे, त्यामुळे चुन्याच्या सूचनेत कुठेतरी लांबचं अर्धसत्य आहे हे नाइलाजाने मान्य करतो. कुजणारा कचरा सुरुवातीला आंबट होतो आणि राखेने आंबटपणा कमी होतो. पण लाकडाची राख आठवड्याला एखादा चमचा घालणं आणि वाटीभर चुना उपडा करणं यात, आमटीत मीठ घालणं आणि मिठात आमटी घालणं एवढा फरक आहे. तोंडावर दोन इंच पाचोळा असेल तर तो चमचाही लागत नाही.

दुसरं अर्धसत्य ‘७ दिवसां’मागचं: विजेवरची मशिनं २४ तासांत भुकटी देतात, हे खरं. पण घरगुती मशिनांत ती बहुतांशी वाळवलेली आणि दळलेली भुकटी असते. ओली करून दोन दिवस ठेवा, वास आणि बुरशी दोन्ही परत हजर.

कच्चं खत कुंडीत गेलं की ते तिथे कुजत राहतं. त्यासाठी लागणारा नायट्रोजन आणि हवा मुळांच्या तोंडची ओढून घेतं, झाड पिवळं पडतं. ‘खत घातलं तरी झाड मेलं’ या तक्रारीत बरेचदा हीच गोम असते. तयार खत ओळखायला डोळ्यांवर जाऊ नका, काळं तर कच्चंही दिसतं. मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर झालं. आंबूस किंवा झणझणीत आला तर परत बादलीत. याहून खात्रीची परीक्षा हळिवाची. लाडवांसाठी आणतो तेच हळीव. एका बशीत खत, दुसऱ्या बशीत साधी माती, दोन्हींत वीस-वीस दाणे, वरून पाणी शिंपडून सावलीत. तीन-चार दिवसांत दोन्हीकडे सारखेच उगवले तर खत तयार. खताच्या बशीत निम्मेच आले किंवा मुळं तपकिरी पडली तर अजून पंधरा दिवस थांबा. पास झालेलं खतही नुसतं वापरायचं नाही, एक भाग खत आणि तीन भाग माती.

पालापाचोळ्याबद्दलची सूचना वाचून मात्र कपाळावर हात मारला. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नायट्रोजन साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतो. भाजीपाल्याच्या कचऱ्यात कर्ब कमी पडतो आणि पाणी तर ८०-९० टक्के. वाळलेली पानं कर्ब देतात, पाणी शोषतात आणि कणांमध्ये हवेला वाट ठेवतात. ती वगळली की उरतो तो चिखल, आणि चिखलातून येतो सडक्या अंड्याचा वास. ताक-गुळाने यातलं काहीच होत नाही. ताक विरजण म्हणून थोडी मदत करतं, एवढं कबूल. पण वाटीभर जुनं खत किंवा बागेतली माती तेच काम करते. गुळाने मुंग्या येतात.

माप सोपं आहे: एक वाटी ओला कचरा, एक ते दीड वाटी चुरलेला पाचोळा. आतलं मिश्रण मुठीत दाबलं तर बोटांमधून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पानं वाढवा; थेंबच नाही आणि ढिम्म काही कुजत नाही, तर पाणी शिंपडा. पुण्यात पानं मिळत नाहीत असं म्हणणाऱ्याने फेब्रुवारी ते एप्रिल सकाळी आठच्या आत घराबाहेर पडून बघावं. झाडलोट करून रस्त्याकडेला लावलेले ढीग असतात. दोन-तीन पोती तेव्हाच भरून ठेवायची, कारण जुलैत कोरडं पान शोधून सापडत नाही. वर्षावृक्षाची पानं सगळ्यांत सोयीची: बारीक असतात, चुरावी लागत नाहीत. आंब्याची आणि फणसाची जाड, ती चुरल्याशिवाय महिनोन् महिने तशीच राहतात. रसवंतीची चिपाडं चालतात, पण चांगली वाळवून आणि तुकडे करून. लाकडाचा भुसा घ्यायचा तर वखारीतला, साध्या लाकडाचा. प्लायवूडच्या भुशात डिंक असतो, तो नको. कोकोपीट चालतं, पण एकट्याने दबून बसतं, म्हणून त्यातही थोडी पानं.

घट्ट झाकणाचं काय ते वरच्यातच आलं. हवा बंद म्हणजे वास सुरू. बादलीला चारही बाजूंनी, खालून-वरून, पेन्सिलीच्या जाडीची वीस-पंचवीस भोकं पाडा, तापवलेल्या खिळ्याने किंवा ड्रिलने. तळालाही पाच-सहा. खाली दोन विटा आणि ताटली. तळात तीन इंच नारळाच्या शेंड्या, त्यावर पाचोळा, मग कचरा. पावसाळ्यात झड येईल त्या बाजूला ठेवू नका. झाकण पाऊस आणि मांजर अडवायला आहे, श्वास कोंडायला नाही.

लिंबू, संत्री, कांदा यांची सालं गांडुळांना सोसत नाहीत, म्हणून गांडूळखताच्या डब्यात ती कमीच बरी. साध्या बादलीत बारीक तुकडे करून खुशाल टाका. नकोत त्या गोष्टी वेगळ्याच: तेलाचा तवंग असलेला रस्सा, हाडं, लोणच्याचा खार, दुधाचा चहा न धुता टाकलेला चोथा. कोयी आणि करवंट्या कुजायला फार वेळ घेतात. निर्माल्य चालतं, दोरा आणि जरीची पट्टी काढून.

ताटलीतलं काळपट पाणी म्हणजे अमृत नव्हे, कच्च्या कचऱ्याचा निचरा आहे. तुळस आपण खातो, तिला ते नकोच. शोभेच्या झाडांना एकास दहा पाणी घालून कधीतरी चालेल. रोज ताटली भरत असेल तर पाणी वापरायचं कसं हा प्रश्नच नाही, बादलीत पानं कमी आहेत.

राहिली काकूंची बादली. चुना वरच्या थरातच आहे, त्यामुळे ती टाकून देण्याची गरज नाही. रबरी हातमोजे घालून, तोंड लांब ठेवून वरचा तीन-चार इंचांचा पांढुरका थर खुरप्याने काढायचा. तो ओल्या कचऱ्यात मिसळून कचरा न्यायला येणाऱ्या, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंच्या हाती द्यायचा नाही, त्यांचे हात भाजतील. वेगळ्या पिशवीत बांधायचा, आत चुना आहे हे सांगायचं, मगच द्यायचा. उरलेल्यात तेवढाच चुरलेला पाचोळा आणि दोन वाट्या बागेतली माती मिसळून, झाकण न लावता, नुसतं कापड बांधून पंधरा दिवस ठेवायचं. तोवर नवा कचरा दुसऱ्या बादलीत. नंतर हळिवाची बशी लावायची. फेल झाली तर मीठ किती पडलं होतं ते काकूंना विचारायचं.