तारा नावाची खरी नाती

डब्लिनला राहणाऱ्या भाचीने लेकीचं नाव तारा ठेवलं. कारण साधं, इकडच्या आजीला आणि तिकडच्या शेजारणीला दोघींनाही जमतं. आजी 'त' म्हणते, शेजारीण 'ट'. इथवर छान होतं. मग फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला: आयर्लंडमध्ये 'तारा' नावाची पवित्र टेकडी आहे, म्हणजे आपली तारादेवी तिथवर पोचली होती! खाली हात जोडलेल्यांची रांग.

नाही हो. टेकडी खरी आहे, मीथ परगण्यात. आयर्लंडच्या राजाधिराजांची गादी तिथली, लिया फॉल नावाचा उभा दगड अजूनही आहे. पण तिचं जुनं आयरिश नाव 'तेमर'. 'तारा' हे इंग्रजीत झालेलं रूप. मुलींना ते लागलं फार उशिरा. 'गॉन विथ द विंड'मधल्या नायिकेचा आयरिश बाप अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या आपल्या मळ्याला 'तारा' म्हणतो. १९३९ साली सिनेमा आला आणि पुढे अमेरिकेत टॅरा नावाच्या मुली दिसू लागल्या.

आपल्याकडे तर संस्कृतातच दोन तारा आहेत. एक आकाशातली. फारसी 'सितारा', लॅटिन 'स्टेला', इंग्रजी 'स्टार' ही तिची भावंडं. म्हणजे कानाला जुळी वाटणारी टेकडी परकी आणि वेगळी वाटणारी स्टेला घरची! दुसरी तारा म्हणजे तारून नेणारी, बौद्धांची. औरंगाबादच्या लेण्यांत ती भेटते. तिबेटात गेली तेव्हा नावाचा अर्थ तेवढा सोबत नेला आणि डोल्मा झाली. आजही तिबेटी घरांत डोल्मा नावाच्या मुली असतात. अभिमानच मिरवायचा तर हा मिरवा ना!

औरंगजेबाशी झुंजणाऱ्या महाराणी ताराबाई आणि १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ज्या भाषेत झाल्या, तिथे हे नाव मधल्या काळात 'जुनाट' ठरलं होतं. आता परदेशी सोयीचं म्हणून परत आलं. येऊ दे, कुठल्या का दाराने.

फॉरवर्डवाल्यांसाठी त्या टेकडीचीच एक हकीकत. १८९९ ते १९०२ दरम्यान काही ब्रिटिश मंडळींनी ती खणली. इंग्रज हे इस्रायलचे हरवलेले वंशज आणि बायबलातला कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, इथेच पुरलाय, अशी त्यांची ठाम समजूत. कवी येट्स यांच्यासारख्यांनी जाहीर निषेध केला. कोश मिळाला नाही, पुरातन अवशेषांची नासधूस मात्र झाली.