कॅथारांची ‘अखंड परंपरा’ आणि ऑनलाइन दीक्षा

‘दक्षिण फ्रान्सचे कॅथार म्हणजे युरोपातले वारकरी! शाकाहारी, पुनर्जन्म मानणारे, बुद्धाकडून शिकलेले. त्यांची गुप्त परंपरा कधीच तुटली नाही; १८९० मध्ये ती उघड झाली, आता दीक्षा ऑनलाइन मिळते.’ हा मजकूर फिरत फिरत घरच्या ग्रुपवर आला आणि मावशीने खाली हात जोडले. म्हणून हा खटाटोप. कॅथार म्हणजे मध्ययुगातला एक ख्रिस्ती पंथ, चर्चने पाखंडी ठरवलेला.

आधी परंपरा, कारण दीक्षेचं दुकान तिच्यावरच चाललंय. कॅथारांचा संस्कार एकच, कोन्सोलामेंतुम, म्हणजे दीक्षा. फ्रान्समधल्या लियॉं शहरातल्या हस्तलिखितात त्याचा विधी ऑक्सितान या दक्षिण फ्रान्सच्या भाषेत जसाच्या तसा आहे. प्रभूची प्रार्थना म्हणण्याचा अधिकार आधी द्यायचा. मग वडीलधाऱ्याने उमेदवाराच्या डोक्यावर ग्रंथ ठेवायचा, बाकीच्यांनी उजवा हात ठेवायचा आणि योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचायची. देणारा स्वतः दीक्षित, म्हणजे ‘परफेक्ट’, असलाच पाहिजे. पुढे त्याचं पाप उघडकीला आलं तर त्याने दिलेले संस्कारही बाद. इटलीतल्या कॅथारांत यावरूनच फाटाफूट झाली. लांगदॉक या दक्षिण फ्रान्सच्या प्रांतातला शेवटचा ज्ञात परफेक्ट गियोम बेलिबास्ट १३२१ मध्ये जाळला गेला. त्याने तर ब्रह्मचर्य मोडून बाई ठेवली होती! म्हणजे साखळी तिथेच खुंटली.

मग १८९० चं काय? ऑर्लेआंचा दप्तरपाल ज्यूल द्वानेल याने तेव्हा ग्नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती मानणारं, चर्च काढलं. त्याला बिशप कोणी केलं? पॅरिसमधल्या लेडी केथनेसच्या घरी, प्लँचेटच्या बैठकीत, तेराव्या शतकातल्या कॅथार बिशपांच्या आत्म्यांनी. जिथे हात ठेवल्याशिवाय संस्कारच होत नाही, तिथे आत्म्यांनी कुठला हात ठेवला? १८९५ मध्ये द्वानेल स्वतःच ते सोडून कॅथलिक झाला, पुढे पुन्हा परतला. याला अखंड म्हणायचं! ऑनलाइनवाल्यांचं तर बोलायलाच नको.

शाकाहाराचं अर्धं खरं आहे, कबूल. परफेक्ट मंडळी मांस, अंडी, दूध, चीज वर्ज्य मानत. पण मासे खात, कारण मासे समागमाशिवाय जन्मतात अशी समजूत होती. साधे अनुयायी मांस खात, लग्न करत. कॅथार पुनर्जन्मही मानत: त्यांच्यावर खटले चालवणाऱ्या बिशप फूर्निये याच्या चौकशीच्या नोंदवहीत एका परफेक्टची गोष्ट येते. मागच्या जन्मी घोडा असताना दोन दगडांत अडकून निसटलेला नाल त्याने या जन्मी शोधून काढला म्हणे. पण त्यावरून बुद्धापर्यंत उडी? कॅथारांचे धागे अभ्यासक बल्गेरियातल्या बोगोमिल या ख्रिस्ती पंथाकडे शोधतात. आणि जग सैतानाने घडवलं म्हणणाऱ्यांना संसारात राहून नाम घेणाऱ्या वारकऱ्यांच्या पंक्तीला बसवायचं कसं?

मजकुरात शेवटी ‘एंदुरा नावाचा शुद्धीचा उपवास’ करायला सांगितलंय. हे मात्र भयंकर आहे. एंदुरा म्हणजे मरणपंथाला लागलेल्याने दीक्षेनंतर मरेपर्यंत अन्न सोडणं. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बाईने ‘करून बघायचा’ तो प्रकार नव्हे.

उरला ‘पवित्र प्याला’, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनातला; तो कॅथारांनी त्यांच्या मोंसेगूरच्या किल्ल्यातून गुपचूप हलवला म्हणतात. वेढ्यातून १२४३ च्या नाताळाच्या सुमारास बाहेर काढलेल्या मालाची साक्ष नोंदलेली आहे: सोनं, चांदी आणि भरपूर नाणी.