शेअर फोल्डर उघडत नाही म्हणून फायरवॉल बंद करायला सांगणारा तो फॉरवर्ड

मार्च एंड आला की हा मेसेज परत फिरायला लागतो. "ऑफिसमधला शेअर फोल्डर उघडत नाही? पाच मिनिटांत इलाज! १) फायरवॉल बंद करा २) एसएमबी १ चालू करा ३) पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा ४) एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या ५) तरी नाही झालं तर शेवटचा विंडोज अपडेट उडवा." मी छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं करतो, त्यामुळे हे पाचही प्रयोग करून झाल्यावरच मला फोन येतो.

फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून येणारी नको ती कनेक्शनं अडवणारा विंडोजचा पहारेकरी, तिचं आधी बघू. शेअरिंग चालतं पोर्ट ४४५ वरून (पोर्ट म्हणजे पीसीत शिरायचं नंबर दिलेलं दार), आणि विंडोजमध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' नावाचा तयार रूल असतो, तेवढा प्रायव्हेट नेटवर्कला चालू असला की पुरे. एका सीएच्या ऑफिसात नवा राउटर बसवला आणि दुसऱ्या दिवशी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा कुणालाच दिसेना, तर तिथल्या पोराने फायरवॉलच बंद केली आणि दिसायला लागलं, सगळे खूश. झालं काय होतं, तर नवा राउटर म्हणजे विंडोजच्या दृष्टीने नवं नेटवर्क आणि ते त्याने पब्लिक, म्हणजे परक्या जागेचं, धरलं होतं, आणि तशा नेटवर्कवर विंडोज शेअरिंग अडवतं. ज्या पीसीवर फोल्डर आहे तिथे पब्लिकचं प्रायव्हेट केलं, फायरवॉल परत लावली, फोल्डर आपला चालूच. आणि हो, नेटवर्कच्या यादीत पीसी दिसत नाही म्हणून घाबरू नका, ती यादी वेगळ्या सर्व्हिसवर चालते. ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश आणि पीसीचं नाव टाईप करून बघा, बऱ्याचदा थेट उघडतं.

एसएमबी १ वाला सल्ला मात्र डोक्यात जातो. एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फायली शेअर करताना पीसी आपापसात जी भाषा बोलतात ती, आणि १ ही तिची सगळ्यात जुनी आवृत्ती. विंडोज ७ पासूनची सगळी मशीन आपापसात एसएमबी २ किंवा ३ बोलतात, म्हणजे ७ आणि ११ च्या मध्ये १ चं कामच नाही! ते लागतं समोर एक्सपी असेल किंवा एखादा जुनाट नॅस (नेटवर्कला जोडलेला फायली ठेवायचा डबा) किंवा स्कॅनर असेल तर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून, ते बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता पण लोकांनी टाकला नव्हता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, त्यानेही तेच भोक वापरलं आणि मेर्स्क या जहाज कंपनीची सिस्टीम बसल्यावर इकडे न्हावा शेवाला जेएनपीटी बंदराच्या एका टर्मिनलचं काम अडकलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ आपणहून चालू ठेवायचं बंद केलं, आणि आपण ते कंट्रोल पॅनलमध्ये शोधून शोधून टिक करतोय. स्कॅनर जुना असेल तर फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं मिळतं का बघा, नाहीतर पेन ड्राइव्हवर स्कॅन करा.

पासवर्ड शेअरिंग बंद केलं की सगळे गेस्ट म्हणून, म्हणजे नाव-पासवर्ड न देता, आत येतात. पूर्वी चालायचं, पण विंडोज ११ प्रोचं २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातलं) व्हर्जन गेस्टला थारा देत नाही, सिक्युरिटी पॉलिसीचं काहीतरी कारण सांगून नाही म्हणतं, म्हणजे मेसेजमधल्या इलाजानेच फोल्डर बंद पडतो! खरा घोळ बहुतेक वेळा पासवर्डचा असतो. एका ठिकाणी मॅडम तीन दिवस फोल्डर उघडताना येणाऱ्या पासवर्डच्या खिडकीत आपला चार आकडी पिन टाकत होत्या, रोज सकाळी लॉगिनला चालतो मग इथे का नाही, तर पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवर पासवर्डच लागतो. आणि अकाउंटला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून घेतच नाही. फोल्डरवाल्या पीसीवर एक साधा लोकल युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या आणि बाकीच्यांकडे पीसीचं नाव, बॅकस्लॅश, युजरचं नाव असं टाका. पासवर्ड मध्ये बदलला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (कंट्रोल पॅनलमधली साठवलेल्या पासवर्डांची यादी) जुना बसलेला असतो, तो आधी काढा.

एव्हरीवन फुल कंट्रोल, म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार, देऊनही "ॲक्सेस डिनाइड" येतं, कारण परवानग्या दोन असतात, शेअरिंग टॅबची आणि सिक्युरिटी टॅबची, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यातली जी कडक ती लागते. मेसेजवाले पहिलीच देतात. दोन्हीकडे दिली तर उघडेल, पण मग उद्या आर्टिकलशिपच्या (सीएकडे शिकाऊ असलेल्या) पोराकडून क्लायंटचा फोल्डर डिलीट झाला तर तो रिसायकल बिनमध्येही सापडणार नाही, नेटवर्कवरून उडवलेलं तिथे जातच नाही.

राहिला अपडेट. यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. २४एच२ मध्ये प्रोला एसएमबी सायनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर खरेपणाची डिजिटल सही, सक्तीचं झालं, त्यामुळे काही जुने नॅस खरंच बंद पडले. पण उपाय नॅसच्या सेटिंगमध्ये आहे, तिथे फर्मवेअर अपडेट करून सायनिंग चालू करा. एवढा मोठा अपडेट मागे घ्यायला विंडोज तसेही दहाच दिवस देतं.

ज्यांनी पाचही करून ठेवलंय त्यांनी आधी फायरवॉल लावा, मग विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ ची टिक काढा, रिस्टार्ट मागेल तो द्या. मग फोल्डर उघडून बघा आणि नाहीच उघडला तर जी एरर येईल तिचा फोटो काढा. "पाथ सापडत नाही" असेल तर नेटवर्क बघायचं, "डिनाइड" असेल तर युजर आणि परवानग्या. नुसतं "चालत नाहीये हो" असा फोन करू नका.