शोकेस रिकामं करा, बल्ब बदला

मैत्रिणीचा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात आला, धायरीत वन बीएचके भाड्याने घेतलं आणि परवा मला विचारता झाला, "मावशी, वीस हजारांत हॉल नीट होईल का गं? घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे." व्हॉट्सअॅपवर उत्तर लिहायला बसले ते लांबतच गेलं, म्हणून इथे टाकते. शिव्या घालायच्या असतील त्यांनी खाली घालाव्यात.

आजकाल घर सजवायचं म्हणजे आधी फॉल्स सीलिंग. मग टीव्ही युनिट, त्याच्या मागे संगमरवराचा आव आणणारं पीव्हीसी पॅनल, एका कोपऱ्यात प्लास्टिकची हिरवळ. एवढं होईस्तोवर पैसे संपतात आणि बसायला असतो तीन माणसांचा सोफा. चौथा आला की आतून प्लास्टिकची खुर्ची. माझं मत असं की ज्याच्या हातात पैसे कमी आहेत त्याने नुसत्या बघायच्या वस्तूंवर एक रुपयाही घालू नये. सगळे पैसे अंगाला, हाताला लागणाऱ्या गोष्टींवर घालावेत. नशिबाने त्याच स्वस्त असतात.

पहिला खर्च बल्बचा. आपल्याकडे बहुतेक हॉलमध्ये छताजवळ एक पांढरीफटक ट्यूब असते. बॉक्सवर तिला 'कूल डे लाइट' म्हणतात आणि शेजारी ६५०० केल्विन असा आकडा असतो. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात आणि कितीही सजवलं तरी हॉल दवाखान्याच्या वेटिंग रूमसारखाच राहतो. २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला 'वॉर्म व्हाइट' बल्ब घ्या. नऊ वॅटचा एलईडी शंभर-सव्वाशेला कुठेही मिळतो. ट्यूब काढू नका, ती झाडलोट करायला आणि हरवलेलं कानातलं शोधायला लागते. संध्याकाळी मात्र ती बंद, आणि दोन पिवळे दिवे बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. उजेड वरून पडला की डोळ्यांखाली सावल्या पडतात, बाजूने आला की माणसं बरी दिसतात, इतकं साधं आहे ते.

दुकानातले लॅम्पशेड महाग असतात. बुरुड आळीत जाऊन विरळ विणीची बांबूची टोपली आणा, बुडाला भोक पाडून होल्डर बसवा आणि उपडी टांगा. भिंतीवर विणीच्या सावल्या पडतात त्या फुकट. पण त्यात एलईडीच लावायचा. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब इतका तापतो की बांबूजवळ नकोच. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर पिवळा दिवा लावण्याचा हट्ट करू नका. मेथी निवडायला, तांदळातला खडा दिसायला पांढरा उजेडच लागतो. घरात मोतीबिंदू झालेलं कोणी असेल तर त्यांच्या वाचायच्या जागीही भरपूर उजेड ठेवा, तिथे वातावरणनिर्मिती नको.

आता बैठक. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. त्यात सात-आठ माणसं राहिली आणि गावाहून आलेला पाहुणाही त्यातच मावला. सोफा कुठून असणार? रात्रीच्या गाद्या सकाळी भिंतीशी चळत करून रचायच्या, वर धुतलेली चादर घट्ट खोचायची, की झाली बसायची जागा. आपण वन बीएचकेत राहून जागा नाही म्हणून रडतो ते मला खरंच कळत नाही. सोफ्याला पंचवीस-तीस हजार घालण्यापेक्षा कापसाची गादी, दोन लोड, चार तक्के घ्या. घरी जुनी गादी पडून असेल तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या, नवं खोळ शिवा, गादी पुन्हा फुगते. वर सोलापुरी चादर. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, मागच्या बाजूला तीच नक्षी रंग उलटे होऊन येते, म्हणजे एकाच पैशात दोन रूपं. शिवाय धुऊन धुऊन विटत नाही लवकर.

खाली बैठक असली की माणूस पाच मिनिटांत मांडी घालतो, दहा मिनिटांत तक्क्यावर रेलतो. सोफ्यावर तोच माणूस तासभर टोकाला बसून "चला, निघतो" म्हणत राहतो. मी पाहिलंय हे.

फक्त गुडघे दुखणाऱ्यांचा विचार हवा. त्यांच्यासाठी हाताच्या दोन उंच खुर्च्या लागतातच, आणि त्या नव्या घेऊ नका. पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे वेत तुटलेल्या सागवानी खुर्च्या दिसतात. वेत विणून देणारे अजून आहेत. लाकूड ठोकून बघा, वाळवीचं भुसकट पडत नाही ना ते बघा, आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करा.

पडद्यांना मांजरपाट. हो, तेच जाडंभरडं, न रंगवलेलं कापड. दुपारचं ऊन त्यातून गाळून येतं तेव्हा खोली काय दिसते ते एकदा बघाच. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजत घाला, आटतं ते. आटल्यावर माप घ्या, नाहीतर पडदा खिडकीच्या वर जाऊन बसेल. भाड्याच्या घरात मालक खिळा ठोकू देत नाहीत, तिथे चौकटीत घट्ट बसणारे स्प्रिंगचे रॉड मिळतात.

भिंतींबद्दल माझं फार काही म्हणणं नाही. रिकाम्या भिंतीला एवढं घाबरायचं कारण काय? झाडांचंही तेच. शेजारणीकडून मनी प्लांटची फांदी मागा, बाटलीत पाणी घालून ठेवा, मुळं फुटतील. नर्सरीतून आणलेलं महागडं झाड हॉलच्या अंधारात महिन्याभरात मान टाकतं.

गोधडीवर मात्र जरा भांडायचंय. आजीच्या लुगड्यांची, चार-पाच थरांची, हाताने धावदोरा घातलेली गोधडी आपल्यापैकी कितीतरी घरांत माळ्यावर डांबरगोळ्या घालून बांधून ठेवलेली आहे. आणि त्याच घरात पलंगावर काय, तर पॉलिस्टरची, अंगाला चिकटणारी, चकचकीत बेडशीट. आता शहरातल्या दुकानांत तीच गोधडी कित्येक हजारांना विकतात, तेव्हा आपण "वॉव" म्हणतो. माळ्यावरची काढा ना खाली! उन्हात टाका, विरलेली असेल तर वरून एक जुनी सुती साडी लावून पुन्हा शिवून घ्या. अशी शिवणाऱ्या बायका गावोगावी आहेत. शिलाईचे पैसे घासाघीस न करता द्या, हात दुखतात त्यांचे.

आणि शोकेस. आमच्या पिढीच्या प्रत्येक घरात होतं ते. सरकती काच, आत प्लास्टिकच्या गुलाबाची फुलदाणी, आग्र्याहून आणलेला ताजमहाल, मुलांचे शाळेतले कप, आणि लग्नात आलेला टी-सेट. तो कधी बाहेर निघाला? आलेल्या माणसाला आपण स्टीलच्या कपात चहा दिला आणि त्याच्या समोर काचेमागे सोळा वर्षं तो टी-सेट उभा. यापेक्षा परकं वाटायला लावणारी सजावट मला तरी माहीत नाही. मुलाला मी हेच लिहिलं, आईकडचा तो सेट घेऊन ये आणि रोज वापर. दोन कप फुटतील. फुटू देत. आईला विचारून आण मात्र, ती माझी मैत्रीण आहे, मला ओरडेल.

माळ्यावर पितळेचा हंडा, घंगाळ, तांब्या असेल तर तोही उचल. चिंच-मीठ लावून घासलं की पितळ उजळतं, आणि पिवळ्या दिव्याशेजारी ठेवलं तर त्याला वेगळ्या शोपीसची गरज नाही. घंगाळात चपला काढायच्या जागेजवळच्या छत्र्या ठेवता येतात. पाहुण्याला ओली छत्री कुठे ठेवू हे विचारावं लागू नये.

माझ्या हिशेबाने गादी, लोड-तक्के, चादर, मांजरपाट आणि शिलाई, टोपल्या, बल्ब, वायर, दोन जुन्या खुर्च्या हे सगळं वीस हजारांत बसून वर थोडे उरतात. उरलेल्यांचा चहा-साखर-पोहे भरून ठेव म्हणाले, कारण माणसं येणार.

आता माझी एक अडचण. पुण्यात कापूस पिंजून घरीच गादी भरून देणारे आमच्या भागात यायचे बंद झालेत. सिंहगड रस्ता, धायरी, वडगाव भागात कोणाला माहीत असेल तर सांगा, नंबर मेसेजमध्ये पाठवा. पोराला सध्या चटईवर झोपावं लागतंय.