अर्धा किलो मध, तोही संत्र्याचा

आमचा मेहुणा अमेरिकेत पोर्टलंडला असतो आणि गॅरेजमध्ये बीअर बनवतो. तिकडे ते रीतसर आहे. १९७८ साली जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. घरात दोन प्रौढ असले तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर, घरच्यापुरती बनवायला मोकळीक. हा आकडा ऐकून सासरे म्हणाले, "कूलरच्या टाकीत मावते का रे एवढी?" सासूबाई जपमाळ ठेवून उठून गेल्या.

मी बीअर पीत नाही. तरी या उद्योगाचा ताप मलाच, कारण मी नागपुरात राहतो आणि मेहुण्याला बीअरमध्ये घालायला हवा संत्र्याच्या फुलांचा मध. "जिजाजी, अर्धा किलो पाहून ठेवा ना, डिसेंबरात येऊन राहिलो."

गोकुळपेठेत एकाने बाटली पुढे केली. वर जांभळाचं चित्र. "फोटोवर नका जाऊ साहेब, आतून संत्राच आहे." इतवारीतला दुकानदार जास्त प्रामाणिक निघाला. संत्र्याचा नाही म्हणाला, पण दोन थेंब इसेन्स टाकून द्यायची तयारी दाखवली. शेवटी काटोलकडची बाग गाठली. बागवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलते, मृग बहार पावसाळ्यात. तुम्ही नोव्हेंबरात आले. अन् माशीले कोन सांगन, संत्र्यावरच बस म्हनून?" तरी त्याच्याकडे ठेवणीतली एक बाटली होती. भाव ऐकून वाटलं, माशा पगारी असाव्यात.

मेहुणा आला, बाटली घेऊन गेला, आणि मग व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी मुद्द्याला हात घातला. "एवढा मध टाकूनही गोड होत नाही म्हणतोस, मग मध गेला कुठे?"

यीस्टने खाल्ला. यीस्ट म्हणजे पंगतीतलं वऱ्हाड: जिलबी पहिल्या झटक्यात साफ, कोशिंबीर पानातच. साखर आणि मध ही जिलबी, जवळजवळ सगळी दारू आणि गॅस होऊन जाते. जवाच्या माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातल्या, काही शर्करा मात्र यीस्टला पचत नाहीत. त्या उरतात म्हणून बीअरला अंग येतं. साखर वाढवली की बीअर कडक होते, पण जिभेवर पातळ आणि कोरडी. बेल्जियमवाले त्यांच्या ट्रिपेल नावाच्या बीअरमध्ये मुद्दाम साखर घालतात, कडक असून जड लागू नये म्हणून. बव्हेरियात १५१६ च्या फर्मानाप्रमाणे बीअरमध्ये फक्त जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी चालायचं. सासरे तत्काळ बव्हेरियाच्या बाजूने झाले. त्यांना भेसळ कशातच खपत नाही.

मध उकळला तर वास उडून जातो, म्हणून तो आंबण्याचा जोर ओसरल्यावर घालायचा, हेही कळलं. बाटल्या भरताना गॅससाठी २० लिटरला साधारण १२० ग्रॅम साखर. "एवढीशी?" सासूबाई कळवळल्या. "हात आखडू नये बाप्पा, मूठभर जास्त घाल." मूठभर जास्त घातली तर बाटल्या फुटू शकतात, हे त्यांना समजवायला अर्धा तास गेला. बीअर नको म्हणणाऱ्या बाईला ती बेताच्या साखरेची झालेली मात्र बघवत नव्हती.

परवा बीअर तयार झाली. मधाचा वास येतो का, विचारलं. "येतो, म्हणजे तुम्ही सांगितलं तर येतो," मेहुणा म्हणाला. काटोलचं पेट्रोल डोळ्यांपुढे तरळत असतानाच पुढची मागणी आली. "जिजाजी, वाळलेली मोहफुलं मिळतील का?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे खुर्चीतून उठले. "जावईबापूंना कशाला त्रास? गडचिरोलीला मी जातो."