खुलासा: रेमो फर्नांडिस यांची पहिली कॅसेट

वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांना 'जलवा' या हिंदी सिनेमाने शोधलं, पहिली कॅसेटही त्यानंतर मुंबईच्या कंपनीने काढली. तसं नाही. 'जलवा' १९८७ चा. 'गोवन क्रेझी' ही त्यांची पहिली कॅसेट १९८४ मध्येच आली होती, तीही गोव्यातल्या शिवोली गावच्या त्यांच्या घरी रेकॉर्ड झालेली. शब्द, चाली, आवाज, गिटारसकट सगळी वाद्यं, अगदी कव्हरसुद्धा त्यांचंच. मग पिवळ्या स्कूटरवरून गावोगावच्या दुकानांत कॅसेटी स्वतःच पोचवल्या! हे रेमोंनीच अनेकदा सांगितलंय. सालं कुणीही ताडून पाहावीत. घरात गिटार घेऊन गाणी रचणाऱ्या आपल्या पोरांपर्यंत खरं तर हे पोचायला हवं. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.